साळुंकीचा अर्धा हुकूम

फार मागं एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर राघू, साळुंकी आणि जॅक कुत्रा राहत. जॅकला हुकूम लागे तो इंग्रजीतच. साहेबाच्या ‘कम आउट’मधलं राघूला ‘कम’ येई, साळुंकीला नुसतं ‘आउट’. राघू हिणवायचा, “शेपटाएवढा शब्द तुझा, मिरवतेस काय गं?”

एकदा जॅक लाकडाच्या खोपीत शिरला आणि त्याच्यामागं नागानं फणा काढला. राघू ओरडला, “कम! कम!” जॅक जागचा हलेना. त्याला कळेना, हा आत ये म्हणतोय की बाहेर?

राघू रडकुंडीला आला. “साळुंके, बोल गं बाई!”

“आउट!”

जॅक एका उडीत बाहेर!

तेव्हापासून राघू छाती फुगवून ‘कम’ म्हणे आणि गप्प राही. पुढचा शब्द साळुंकीचा. तो दुसऱ्या कुणी, खुद्द साहेबानं जरी म्हटला, तरी राघू त्याच्या बोटाला कडकडून चावे.