एकरी बावीस

"म्हणजे ती पाणी चोरत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

नीलकंठ लांजेवार उभ्यानेच विचारत होता. दसारामबाबांनी पुढे सरकवलेल्या चटईकडे त्याने पाहिलंही नाही.

कालव्याच्या तोंडाशीच त्याची चाळीस एकर धानशेती. शेतकी कॉलेजची पदवी, दारात दोन ट्रॅक्टर. गावातले जाणते म्हणून बाबांकडे तो लहानपणापासून येई. अलीकडे शिकायला कमी, सांगायला जास्त.

"माझं एकरी सोळा क्विंटल. आणि कालव्याच्या पार शेवटी दीड एकर कसणाऱ्या त्या सायत्राबाईचं एकरी बावीस! बी तेच. खत माझंच जास्त. चोरी नाही तर काय? उद्याच्या पाणीवाटपाच्या सभेत तिची पाणीपाळी बंद करायला लावतो. तुम्ही फक्त हो म्हणा. गाव तुमचं ऐकतं."

बाबांच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

"चल."

"सभा उद्या आहे, बाबा."

"शेतावर चल."

सायत्राबाई धानाच्या बांधीत वाकून निंदत होती. बाबा चपला काढून थेट चिखलात उतरले.

"नीलकंठ, एक तण शोधून दाखव."

तो एका बांधावरून दुसऱ्या बांधावर फिरला. वाकून पाहिलं. परत आला.

"नाही सापडत."

"बांधाला एखादं भोक? पाणी कुठे झिरपतंय?"

"...नाही."

"तुझ्याकडे रोवणी, निंदण कोण करतं?"

"बायका. मुकादम आणतो."

"कोणत्या बायका?"

नीलकंठला सांगता येईना. सायत्राबाईनेच मान वर केली.

"आमचीच टोळी जी. बारा वर्षं झाली."

तो चमकला. "एवढं पिकवता, मग माझ्याकडे मजुरीला कशाला येता?"

"दीड एकरच आहे जी. कितीही पिकवलं तरी दीडच. उधारी फेडून उरलेला तांदूळ होळीपर्यंत पुरतो. मग पोरांना काय घालू?"

बाबांचा आवाज चढला. "ऐकलंस? सोळावाला गादीवर, बावीसवाली मजुरीला! आणि वर चोरही तीच!"

 

नीलकंठचाही चेहरा लाल झाला.

"हात तेच ना, बाबा? मग माझ्या शेतात असे का चालत नाहीत? मजुरी तर दर दिवसाची मोजून घेतात! सांगा ना तिला. म्हणावं, माझंही शेत आपलंच समजून राब!"

सायत्राबाईचा हात धानात तसाच थांबला.

बाबा बांधावर चढले. पायांचा चिखलही त्यांनी पुसला नाही.

"समजून कशाला?" ते म्हणाले. "तिच्या नावावर करून दे."