मरता दोरा

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक गाव होतं, आणि त्या गावात गळ-दोऱ्यांचं एकच दुकान होतं. दुकान बुधाजीच्या बापानं मांडलेलं. बाप गेला, बुधाजी बसला. गळ, शिशाचे गोळे, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, असला सगळा माल. बुधाजी माणूस वाईट नव्हता, पण तोंडाचा फटकळ. एखाद्यानं बारीक गळ मागितला की म्हणायचा, "मासा धरतोस की बायकोला नथ घेतोस?" गिऱ्हाईक चिडायचं, चार शब्द ऐकवायचं आणि माल त्याच्याकडूनच न्यायचं. जाणार कुठे?

त्या गावची माणसं कातळावर उभी राहून गळ टाकत. त्याला तिकडे गरवणं म्हणतात. मोठा मासा दोरा हिसकून नेईल म्हणून दोऱ्याचं दुसरं टोक कमरेला बांधायचं, ही तिथली बापजाद्यांची रीत. आणि बुधाजीच्या दुकानाची रीत अशी, की दोरा कितीही जाड असो, गळाच्या वर वीतभर कच्चा तुकडा जोडल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. त्या तुकड्याला तो मरता दोरा म्हणायचा. गळ खडकात अडकला, माशानं बळ लावलं, की तेवढाच तुकडा तुटायचा. गळ जायचा, माणूस घरी यायचा.

पण हे असं का, ते बुधाजीनं कधी कोणाला सांगितलं नाही. विचारलंच कोणी तर म्हणायचा, "आमच्यात असंच बांधतात." मग लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं, की ही दुकानदाराची लबाडी. दोरा तुटला की गळ गेला, आणि गळ गेला की माणूस परत दुकानात. आता खोटं कशाला बोला, बुधाजीचा त्यात फायदा होतच होता. म्हणून त्यानंही लोकांचा समज कधी मोडला नाही.

खरं कारण वेगळं होतं. बुधाजी लहान असताना त्याचा चुलता सकाळी गरवायला गेला आणि जेवायला घरी आला नाही. ओहोटी लागल्यावर माणसं बघायला गेली. चुलता कातळावरच होता, भरतीत बुडून गेलेला. गळ खडकाच्या फटीत होता, दोरा कमरेला होता, आणि दोरा कुठेही तुटला नव्हता. ते बुधाजीनं बापाच्या मागे उभं राहून बघितलं होतं. त्या दिवसापासून तो पाण्यात कधी उतरला नाही. गळ विकायचा, पण टाकायचा नाही.

पुढे गावात फोन आले. फोनवर बोट फिरवायचं, की दोन दिवसांत फटफटीवरून खोकं दारात. बारीक, झगझगीत दोरे, माशासारखे दिसणारे रंगीत गळ, आणि फोनवर प्रत्येक मालाखाली तो घेतलेल्यांनी दिलेल्या पसंतीच्या चांदण्या. फोन घासाघीस करत नाही, आणि मुख्य म्हणजे टोमणे मारत नाही. एकानं मागवलं, मग दुसऱ्यानं. पार्सलवाल्यावर गावातली कुत्रीसुद्धा भुंकेनाशी झाली. आणि बुधाजीच्या पायरीवर बसायला कोणी येईना. तो सकाळी दार उघडायचा, गळांवरची धूळ झटकायचा आणि दुपारी दार लावायचा. मनातल्या मनात म्हणायचा, बघतो ना, किती दिवस चालतं ते.

एका अवसेच्या सकाळी हिरू नावाचा तरणा गडी दुकानावरून चालला. घरी म्हातारी आई, बायको आणि रांगतं पोर, सगळी त्याच्या हाताकडे बघणारी. त्याच्या खांद्याला टोपली होती आणि कमरेला नवा हिरवा दोरा गुंडाळलेला. पार्सल आदल्या दिवशी आलेलं. खोक्यावरच लिहिलं होतं म्हणे, की हा दोरा तुटत नाही. हिरू पायरीपाशी थांबला. दोरा दोन्ही मुठींत धरून त्यानं ताणून दाखवला आणि म्हणाला, "काय शेट, आता एकच गळ वर्षभर पुरवणार. तुमचा मरता दोरा मेला एकदाचा."

बुधाजीनं त्या दोऱ्याकडे बघितलं. टोकापासून गळापर्यंत एकसारखा दोरा. मध्ये जोड नाही. आणि कमरेला जुन्या सवयीची गाठ. रीत जुनी, दोरा नवा. जिभेवर शब्द आला, की अरे, कमरेला बांधू नकोस.

पण टोमणा वर्मी लागला होता. माझ्याकडून घेतला का? मग मला काय करायचंय? त्यानं शब्द गिळला आणि मान फिरवून धूळ झटकू लागला. हिरू हसत हसत कातळाकडे गेला.

अवसेला सकाळी पाणी लांब गेलेलं असतं आणि दुपारपर्यंत चढत राहतं. बुधाजीला हे काय कोणी सांगायला नको. ऊन वर आलं तसं त्याचं कशात लक्ष लागेना. डबा उघडायचा आणि कशासाठी उघडला ते विसरायचा. समुद्राचा आवाज रोजचाच, पण त्या दिवशी तो जवळ येतोय असं वाटायला लागलं. कोणी परत येतंय का, म्हणून तो सारखा कातळाच्या वाटेकडे बघायचा. एक माणूस आला, दुसरा आला. दोघांनाही त्यानं हिरू दिसला का म्हणून विचारलं. ते म्हणाले, तो पार पुढच्या टोकाला आहे, मोठा मासा धरून येणार म्हणतो. डोळे मिटले की बुधाजीला चुलता दिसायचा. उघडले की वाट रिकामी.

त्याची बायको चंद्री जेवायला बोलवायला आली. त्याचा चेहरा बघून तिनं विचारलं, काय झालं? बुधाजीनं आधी टाळलं, मग सगळं सांगितलं. चंद्रीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

ती म्हणाली, "तुमच्याकडनं दोरा घेतला असता तर मरता दोरा जोडून दिला असतात ना? मग जीव काय गिऱ्हाइकालाच असतो?"

बुधाजीनं भिंतीवरची कोयती उचलली आणि तो धावत सुटला. उतारवयाचा माणूस, पायात चप्पल नाही. कातळावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळवे फाटत होते. वाटेतल्या खळग्यांत पाणी शिरलं होतं. टोकाकडून कोणाचीतरी हाक आल्यासारखी वाटली, म्हणून तो थांबला. ऐकलं तर नुसतं पाणी. हाक न येण्याची त्याला जास्त भीती वाटली.

हिरू टोकाच्या खालच्या पायरीवर होता. मोठा गोबरा मासा गळाला लागला, तो खडकाखालच्या बिळात शिरला आणि जाता जाता हिरूला खाली ओढून गेला. आता मासा सुटला होता की अजून गळालाच होता, कोणास ठाऊक, पण गळ बिळात रुतला होता आणि दोरा तारेसारखा ताठ होता. हिरूला मागे सरता येईना. बोटांनी गाठ सुटेना, ती ओली होऊन मांसात रुतली होती. दातांपर्यंत दोरा पोचेना. त्याची स्वतःची कोयती टोपलीत होती आणि टोपली पहिल्याच लाटेनं नेली होती. पाणी छातीला लागलं होतं. लाट आली की हनुवटीला. पाणी वाढत होतं, दोरा वाढत नव्हता.

हिरूनं बुधाजीला बघितलं. ओरडायला गेला आणि तोंडात पाणी गेलं.

बुधाजी कडेला उभा राहिला. खाली काळं पाणी उसळत होतं. त्याला वाटलं, पळत जाऊन माणसं आणावीत. पण तेवढा वेळ पाणी देणार नव्हतं. त्यानं डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर चुलता दिसला असता. एका हातानं खडकाचं शिंग धरून तो पाण्यात उतरला.

पहिला घाव निसटला आणि स्वतःच्याच मनगटावर बसला. दुसऱ्या घावाला लाट आली आणि दोघंही पाण्याखाली गेले. खाली काही दिसत नव्हतं. हिरूच्या कमरेवरून हात फिरवत त्यानं दोरा चाचपला, कोयतीची धार त्याच्याखाली घातली आणि वर ओढली. दोरा तुटला. तुटताना आवाजसुद्धा झाला नाही. पुढची लाट आली तिनं दोघांना उचलून कातळावर आपटलं, आणि दोघं सरपटत वर गेले.

मग हिरूनं कापत कापत बुधाजीचे पाय धरले आणि म्हणाला, "शेट, तुम्ही देवासारखे आलात."

बुधाजीनं गप्प राहून ते श्रेय घेतलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. चंद्री काही सांगत फिरणारी नव्हती. पण त्यानं पाय मागे ओढून घेतले.

"सकाळीच बघितलं होतं मी," तो म्हणाला. "तुझ्या दोऱ्याला जोड नव्हता. असाच माझा चुलता गेला. मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही."

हिरूनं विचारलं, "का?"

सकाळी बुधाजीकडे पुष्कळ कारणं होती. आता एकच उरलं. तो म्हणाला, "तू माझ्याकडून घेतला नव्हतास."

हिरूनं मगाच्या जागेकडे बघितलं. तिथे आता नुसता फेस होता. कमरेभोवती रक्ताची रेघ उमटली होती, ती हातानं झाकून तो उठला आणि घराकडे चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. बुधाजीनं हाक मारली नाही.

पुढे बरेच महिने हिरू दुकानासमोरून गेला की दुसरीकडे बघून जायचा. गावानंही खोकी मागवणं सोडलं नाही, आणि का सोडावं? दुकान होतं तसंच ओस राहिलं. पण बुधाजी पायरीवर येऊन बसू लागला. कोणी कातळाकडे निघालं, की त्याचा दोरा कुठला का असेना, बुधाजी हाक मारून सांगायचा, कमरेला बांधू नको, आणि का नको तेही सांगायचा. चुलत्याची गोष्ट अर्ध्या गावाला पाठ झाली. काही जण थांबून ऐकायचे. काही म्हणायचे, म्हाताऱ्याचा धंदा बसला, आता तोंड चालवतो. चंद्री म्हणायची, किती बडबडता. तरी तो थांबायचा नाही. पाण्याची त्याची भीती त्या दिवशी पाण्यातच राहिली. आता त्याला भीती वाटायची ती मिटलेल्या तोंडाची.

तात्पर्य: माल कुठूनही घ्यावा, पण शेजारच्याचा जीव धोक्यात दिसला तर रुसून गप्प बसू नये, गिळलेला शब्द एखाद्याचा जीव घेतो.