रिबकाची पळी आणि तिसरं दार

एकदा काय झालं... आधी ते पाय गोधडीत घ्या. घेतले? मग ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात काळ्या दगडाचं देऊळ होतं, प्रभू येशूचं, बरं का. आणि त्या देवळाची एक रीत होती. मुलं मोठी झाली, त्यांच्या दृढीकरणाचा, म्हणजे त्यांना मंडळीत रीतसर सामील करून घ्यायचा, दिवस ठरला, की आदल्या संध्याकाळी प्रत्येकानं आपली रिकामी टोपली वेदीपुढं ठेवून यायची. सकाळी बघावं तर देवानं त्यात ज्याचं त्याचं कृपादान ठेवलेलं असायचं. कुणाला काय, ती देवाची मर्जी. बदलून मिळत नसे.

एका वर्षी तिघांच्या टोपल्या होत्या. मिर्यामच्या टोपलीत निघालं एक पिवळं पीस. ते तिनं केसांत खोवलं आणि ती गायला लागली, तर असा काही सूर लागला की रडणारी पोरं गप्प झाली. तीमथीच्या टोपलीत निघाली मधाची कुपी. त्यानं बोट बुडवून चाटलं आणि असं गोड बोलायला लागला की भांडणारे भांडण विसरले. मग रिबकानं आपली टोपली उघडली. आत होती एक लाकडी पळी. जुनी, काळपट, दांड्याला तेलकट.

रिबकानं टोपली उलटी करून झटकली. खाली आणखी काही नव्हतं.

"देवा," ती म्हणाली, "पळी? अरे, घरी दोन आहेत!"

 देव अशा वेळी कधी बोलतो?

पण पळी साधी नव्हती. ती ज्या तपेल्यात फिरवावी, त्यातलं अन्न शेवटचा माणूस जेवेपर्यंत सरायचं नाही. दहा येवोत, शंभर येवोत. झालं! दर रविवारी उपासनेनंतर देवळामागं प्रीतिभोजन सुरू झालं. आणि ते करायचं कुणी? रिबकानं. पाणी रिबकानं आणायचं, चूल रिबकानं पेटवायची, पत्रावळ्या तिनंच मांडायच्या, तपेलंही तिनंच घासायचं. पळी अन्न पुरवायची हो, पाणी नव्हती भरत. बाकीचे म्हणायचे, "रिबकाला सेवेचं कृपादान आहे, आपल्याला नाही." असं म्हणायचे आणि पाय पसरून बसायचे. हात होते ना तुम्हाला? पण नाही!

मग वर्षं गेली. मिर्याम देवळात गाणी म्हणायची. तीमथी गावाचा पाळक, म्हणजे देवळात उपदेश करणारा, झाला. त्याचा एक उपदेश लोकांना इतका आवडायचा की दर रविवारी तोच मागायचे. एक माणूस प्रभूला शोधायला निघतो, असा तो उपदेश होता. त्या माणसाला लागतात तीन दारं. पहिल्या दाराआड सोनंनाणं असतं, तिथं प्रभू नसतो. दुसऱ्या दाराआड मोठमोठे विद्वान असतात, तिथंही प्रभू नसतो. मग तो माणूस तिसऱ्या दाराशी जातो, कडी वाजवतो, आणि...

आणि नेमका तेव्हाच बाहेर भात उतू जायचा! रिबका उठून पळायची. दर रविवारी. केस पिकायला आले तिचे, पण तिसऱ्या दाराआड काय होतं ते बाईला कधी कळलं नाही. कुणाला विचारलं तर म्हणायचे, "ते तीमथीच्याच तोंडून ऐकावं बाई, आम्हाला काय जमणार!" तिला दुसरं काही नको होतं. फक्त एकदा चटईवर बसून शेवट ऐकायचा होता.

मग तिनं मिर्यामला सांगितलं, "आजच्या दिवस भाताकडे बघ गं."

मिर्याम आनंदानं आली. तपेल्यासमोर उभी राहिली आणि भाताला गाणं म्हणून दाखवलं. दोन कडवी म्हटली. तेवढ्यात भात खाली लागला, वास आला, आणि रिबका धावत बाहेर.

मग ती तीमथीकडे गेली. म्हणाली, "तीमथीभाऊ, मी दमले हो."

तीमथीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं लगेच तिच्यासाठी प्रार्थना केली. ही लांबलचक! प्रभू, या भगिनीला बळ दे, हत्तीचं बळ दे. तिला बळ नको होतं रे, माणूस हवं होतं! आमेन होईपर्यंत आमटी आटली.

मग ही गोष्ट देवळाचा कारभार बघणारे, सगळ्यांत वडीलधारे, हनोखआबा यांच्या कानावर गेली. आबा म्हणाले, "चुकलंच आपलं. रिबकाचा सत्कार करू." ठरलं. मोठा सत्कार. शाल, नारळ, हार, चार माणसांची भाषणं. आणि ऐका हं, खुर्च्या कुणी मांडल्या? रिबकानं. दीडशे माणसांचा स्वयंपाक कुणी केला? रिबकानं. हार गळ्यात घालून ती वाढत होती, आणि हार सारखा आमटीत बुडत होता. हसू नका! तुम्हाला हसायला येतंय, त्या बाईला रडायला येत होतं.

मग आला उपकारस्तुतीचा सण. पीक घरात आलं की देवाचे उपकार मानायचे, तो सण. त्या वर्षी डोंगरापलीकडं काहीच पिकलं नव्हतं. तिकडची माणसं उपाशीपोटी घाट उतरून आली आणि देवळामागं रांगेनं बसली. म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या. रिबकानं भात चढवला, पळी तपेल्यात उभी केली. आत तीमथीचा उपदेश सुरू झाला. पहिलं दार झालं. दुसरं दार झालं. भात रटरटायला लागला.

रिबकानं पदराला हात पुसले आणि ती उठली. चुलीकडे नाही, देवळात गेली. थेट पुढं जाऊन चटईवर मांडी घालून बसली.

बाहेरून करपल्याचा वास आला. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. आबा खाकरले. रिबका हलली नाही. "सांगा तीमथीभाऊ," ती म्हणाली, "तिसऱ्या दाराआड काय होतं?"

तीमथीनं सांगितलं. तिसऱ्या दाराआड होती एक चूल. चुलीपाशी प्रभू स्वतः कमरेला पंचा गुंडाळून वाढत होता. त्या माणसाला पाहून प्रभू म्हणाला, "दमलास ना? बस. मी वाढतो."

सवयीप्रमाणं सगळ्यांनी डोळे पुसले. सवयीप्रमाणं सगळे जेवायला उठले.

"थांबा!" रिबका ओरडली. देवळात कुणी कधी तसं ओरडलं नव्हतं. "हा शेवट तुम्ही दर रविवारी ऐकत होता?"

"हो," आबा म्हणाले.

"आणि मग?"

"मग... मग पंगतीला यायचो."

रिबकानं कपाळावर हात मारला. मीही मारला असता. 

सगळे बाहेर आले. तपेल्यात तळाशी करपलेला भात, आणि समोर एवढी उपाशी माणसं. तीमथीनं घाईघाईनं पळी फिरवली. काही झालं नाही. मिर्यामनं फिरवली. काही नाही. आबांनी फिरवली, तर हात भाजून घेतला. मग सगळे रिबकाकडे बघायला लागले. रिबका म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी बसणार आहे." आणि ती खरंच पंगतीत जाऊन बसली.

पण तिची नजर काही बसेना. रांगेच्या टोकाला एक म्हातारी होती, टाचा फुटलेल्या, ओठ कोरडे. एवढ्या लोकांत ती कुणाला दिसली नव्हती. रिबकाला दिसली. अशी माणसं नेहमी तिलाच दिसायची, आणि दिसली की तिचे हात गप्प राहायचे नाहीत. आणि तिच्या ध्यानात आलं. देवानं पळी दिली ती नंतर. आधी हे डोळे दिले होते. तिला एकदम भरून आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

ती उठली. पदर खोचला. "आबा, पाणी आणा. मिर्याम, पत्रावळ्या मांड, गात मांडलीस तरी चालेल. तीमथीभाऊ, लाकडं सारा आणि तो पंचा बांधा कमरेला. नुसतं सांगता काय!" आणि काय सांगू, सगळे धावले! मग रिबकानं पळी फिरवली. करपल्या तळातून पांढरा शुभ्र भात वर आला.

पहिलं पान तिनं त्या म्हातारीला वाढलं. म्हातारीनं पानाला हात लावला नाही. तिनं रिबकाकडं बघितलं आणि विचारलं, "तू जेवलीस का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.  रिबकानं नाही म्हणून मान हलवली. मग म्हातारी उठली, तिच्या हातातून पळी घेतली, आणि म्हणाली, "दमलीस ना? बस. मी वाढते."

सगळे जागच्या जागी उभे राहिले. तीमथीच्या हातातलं लाकूड गळून पडलं. रिबका खाली बसली आणि जेवली. भाताला थोडा करपट वास होता. तिला तो फार गोड लागला. वर बघते तो पळी तीमथीच्या हातात, तो घाम पुसत वाढतोय, भात काही सरत नाही, आणि म्हातारी कुठंच नाही. कुठं गेली म्हणून मला विचारू नका. कोण होती तेही विचारू नका, तेवढं कळतं तुम्हाला.

तेव्हापासून पळी ज्याची पाळी असेल त्याच्या हातात जायला लागली आणि प्रत्येकाच्या हातात चालली. त्या गावात आता आधी जेवण, मग भांडी, आणि शेवटचं तपेलं घासून पालथं पडलं की मग उपदेश. रिबका पुढच्या चटईवर बसते. तिसरं दार आलं की हसते. सगळे सुखात आहेत, आणि आबांना भांडी बरी घासता येतात.

चला, मिटा डोळे. काय? पाणी हवंय? माठ तिथं आहे, पेला तिथं आहे, आणि पाय तुम्हाला आहेत. उठा. आणि उठलाच आहात तर एक पेला मलाही आणा. मघापासून बोलतेय मी, आजीचा घसा कोरडा पडलाय हे एकालाही दिसलं नाही.