साळुंकीची वकील

फार फार पूर्वी, माणसं अजून कोर्टकचेरी शिकायची होती, तेव्हाची ही गोष्ट. जनावरांना मात्र ती उत्तम जमत होती.

एका रानात एक साळुंकी राहायची. तिचा नवरा भांडून दुसऱ्या झाडावर राहायला गेला. गेला तर गेला. पण पंधरा दिवसांनी त्याने दावा ठोकला, “दोन्ही पिल्लं मला द्या.” वकील कोण? तर थेट राजधानीतला मोर.

साळुंकी उडत उडत राजधानीत गेली, कोल्हेवकिलांकडे.

“नमस्कार, साहेब.”

“नमस्काराचे पन्नास टोळ झाले,” कोल्हा म्हणाला.

पन्नास टोळांत पिल्लं आठवडाभर जेवली असती. ती तशीच परत फिरली.

शेजारची खार म्हणाली, “अगं, ओढ्याकाठची गाढवीण आहे की. जन्मभर घरातलीच भांडणं लढली ती.”

“गाढवीण? चारचौघांत सांगू काय?”

“नको सांगूस. पिल्लं देऊन टाक.”

साळुंकी मुकाट्याने ओढ्याकाठी गेली. गाढविणीने सगळं ऐकून घेतलं. मधेच कान तेवढे हलवले.

“आणि फी, वकीलबाई?”

“पाठीवर गोचिड्या फार झाल्यात. रोज येऊन वेचायच्या.”

“अहो, ती फी कुठे? तो तर माझा नाश्ता!”

“मग आधी नाश्ता कर. कागद नंतर बघू.”

तारखेचा दिवस उजाडला. न्यायाधीश होती म्हैस, आणि कोर्ट भरायचं तळ्यात. जुना रिवाज असा, की वकिलाने चिखलात उतरून म्हशीच्या कानाशी बोलायचं. काठावरचं बोलणं म्हैस धरायचीच नाही.

मोराला हे कोण सांगणार? पिसारा खराब होईल म्हणून तो काठावरूनच दोन तास बोलला. फार सुंदर बोलला. म्हैस रवंथ करत राहिली.

गाढवीण पोटापर्यंत चिखलात शिरली. म्हशीच्या कानाशी उभी राहून तिने साळुंकीच्या नवऱ्याला एकच प्रश्न विचारला.

“तुमच्या दोन पिल्लांत मुलगे किती?”

नवऱ्याने मोराकडे पाहिलं. मोराने आभाळाकडे पाहिलं.

“तीन,” नवरा ठामपणे म्हणाला.

म्हशीचा रवंथ थांबला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

“पिल्लं आईकडेच राहतील,” ती म्हणाली. “बापाने दर आठवड्याला भेटायला यावं, येताना टोळ आणावेत, आणि मोजायला शिकून यावं.”

साळुंकी दोन्ही पिल्लांना घेऊन चिखलाने माखलेल्या गाढविणीच्या पाठीवर बसली आणि रानभर वरात काढली. “बघा, ही माझी वकील! हो हो, गाढवीण!”

तेव्हापासून त्या रानात कुणी कुणाला ‘गाढव’ म्हटलं, की समोरचा मान ताठ करून “आभारी आहे” म्हणतो.

लहानथोरांनी यातून घ्यायचं ते इतकंच: वकील नावाने मोठा नसला तरी चालेल, तो आपल्यासाठी चिखलात उतरणारा हवा.