अर्ध्या दिवसाचा पैलवान

"उद्या सकाळी खालच्या तालमीला कुलूप!" अंबरगाव संस्थानच्या जयवंतराव महाराजांनी भर दरबारात फर्मावलं.

गावात तालमी दोनच, वरची आणि खालची. इथून शिकून गेलेले पैलवान बाहेर किती कमावतात, याची महाराजांनी यादी मागवली होती. वरच्या तालमीचा आकडा निघाला वर्षाला बारा हजार, खालचीचा जेमतेम नऊशे! खालच्या तालमीचे म्हातारे शिदोबा वस्ताद पंच्याने डोळे पुसू लागले. चाळीस वर्षं त्यांनी तिथल्या कुस्तीच्या हौद्यात घाम गाळला होता. पण घामाचा रकाना यादीत कुठला असायला!

महाराजांना वाईट वाटलं, पण हट्ट काही सुटेना. "संध्याकाळपर्यंत कुणी खालचा आकडा वरच्याहून मोठा करून दाखवला, तर तालीम राहील. खोटं चालणार नाही!"

तेवढ्यात हौसाक्का पदर खोचून पुढे आली. दोन्ही हौद्यांच्या मातीत घालायचं ताक तिच्याच घरून जाई.

"सरकार, आधी येक इचारू? वरच्या यादीत त्यो धा हजारवाला मल्हारी हाय. त्यो तर तिथं पंधराच दिस हुता! समदं शिकला परमुलखात."

वरच्या तालमीचे दौलू वस्ताद उसळले, "पंधरा काय, एक दिवस असला तरी आमचाच! पहिल्या दिवशी ज्यानं हौद्यात ताकाची घागर ओतली, तो त्या तालमीचा पठ्ठा. पुढं कुठंही जाऊ दे, काहीही करून कमवू दे, पुण्याई आमच्या मातीची!"

"आसंच धरायचं न्हवं, सरकार?"

"अर्थात! घागर ओतली की पठ्ठा. आमचा हुकूम समज."

"मग खालच्या यादीत येक नाव ऱ्हायलंय! त्या पठ्ठ्यानं नवव्या वर्साला घागर वतली. ताक माझंच हुतं, म्हून ध्येनात हाय. वतलं आन् त्याच्यावरनंच घसरून नाकावर आपटला! दुपारपत्तोर रडला आन् मेण्यात बसून घरी गेला, त्यो परत काय आला न्हाई."

महाराजांचा हात नकळत नाकावरच्या जुन्या व्रणाकडे गेला.

"नाव सोड, त्याची कमाई सांग!" कारभारी लेखणी सरसावून म्हणाले. बिचाऱ्यांच्या डोक्यात अजून प्रकाश पडला नव्हता.

"म्या अडाणी बाई! उभ्या संस्थानचा शेतसारा किती येतो, त्ये तुमालाच ठावं!"

मग महाराज असे हसले की फेटा मांडीवर आला. "हौसाक्का, चितपट केलंस आम्हांला! लिहा कारभारी, लिहा आमचं नाव!"

खालच्या तालमीला गाड्या भरभरून नवी लाल माती मिळाली आणि हौसाक्काच्या दारात दुभती म्हैस आली. नव्या मातीत पहिली घागर ओतायला महाराज स्वतः हौद्यात उतरले. शिदोबा वस्तादांनी हसत हसत पुन्हा डोळे पुसले.

काठावरून हौसाक्का ओरडली, "बेतानं, सरकार! नाक येकच हाय!"