शिंपिणीचं घर

फार जुनी गोष्ट. एका रानात वसंत आला की फुलांचं आणि नव्या शोधांचं प्रदर्शन भरायचं. पानं शिवून घर करणारी एक चिमुकली शिंपीण पक्षीण ते पाहायला गेली. फुलं पाहून ती शोधांच्या मांडवात शिरली आणि जागीच थबकली. उंबराच्या पानांचं तिचं घरटंच तिथे टांगलेलं होतं! शेजारी माकड ऐटीत उभं होतं.

"मेल्या, माझं घर तोडून आणलंस?" ती कडाडली.

"मला झाडावर सापडलं," माकड म्हणालं. "म्हणजे शोध माझाच."

"बरोबर आहे," म्हणत परीक्षक हत्तीने माकडाच्या गळ्यात बक्षिसाचा हार घातला.

शिंपिणीचं डोकंच फिरलं. तिने झेप घेतली, चोचीने हाराचा दोरा तोडला आणि हार ओढून घेतला.

"चोर! चोर!" माकड किंचाळलं.

"चोर कसली? मला हा तुझ्या गळ्यात सापडला. विचार की हत्तीदादांना!"

सगळा मांडव हसला. हत्तीने ओशाळून घरटं तिच्यापुढे ठेवलं. "घेऊन जा, बाई."

"आता काय करू नेऊन? देठच तोडलेत, उद्या पानं सुकतील."

हार हत्तीच्या पायाशी फेकून ती नवी पानं शोधायला उडाली.