मुंगसाचा पहारा

ज्या काळी कोंबड्या आपला राखणदार आपणच निवडत, त्या काळातली ही गोष्ट. एका खुराड्यात कोंबड्या आणि बदकं शेजारी राहत. एकदा सापाने अंडी गिळली आणि सगळ्यांची झोप उडाली.

तेव्हा मुंगूस आलं. "सापाला फक्त मीच फाडू शकतो!" ते गरजलं. कोंबड्यांनी पंख वर करून त्यालाच निवडलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मुंगूस रोज सकाळी सापाची कात आणून दाखवी. कोंबड्या खूश होत, पण अंडी जातच राहिली.

"साप आतच लपलेत," मुंगूस म्हणालं. "लांब मान, पाण्यात पोहायची सवय. ओळखा कोण!"

कोंबड्यांनी टोचून टोचून बदकांना हाकललं. तरीही अंडी गेलीच.

शेवटी कवडी नावाची म्हातारी कोंबडी बोलली, "अगं बायांनो, ही कात रोज तीच असते, शेपटाकडे फाटलेली. आणि याच्या मिशांना बलक कसला लागलाय?"

मुंगूस चिडलं नाही. शांतपणे म्हणालं, "हिची मान जरा लांबच नाही वाटत?"

कोंबड्यांनी एकमेकींच्या माना पाहिल्या आणि आपापली मान पिसांत ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी कवडीची जागा रिकामी होती.

पुढच्या निवडीत मुंगसासाठी झाडून सगळे पंख वर झाले. आता तिथल्या कोंबड्या मान आखडून चालतात. अंडं घातलं तरी ओरडत नाहीत, सापाला कळेल म्हणून. कुठे घातलं, ते फक्त राखणदाराच्या कानात सांगतात.